मायन पद्धतीने जमिनीत मका भाजताना नेमकं कुठे बिघडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातारा भागात शेत आहे, वीसेक माणसं जमणार आहेत, आणि मेक्सिकोतले माया लोक करतात तसा जमिनीखालच्या भट्टीत मका करायचा आहे. एकदा करूनही पाहिलंत. दोन फूट खोल खड्डा, तळाला लाकडाचे निखारे, त्यावर सोललेली स्वीट कॉर्नची कणसं फॉइलमध्ये गुंडाळून, आणि वर थेट माती. अडीच तासांनी उकरलं तर खालची कणसं करपलेली, वरची कच्ची, आणि जिथे फॉइल फाटली तिथे दाण्यांत माती. आता तुम्ही विचारताय की दगड कुठले घ्यायचे, पानं कुठली, वेळ किती, आणि मुळात हे आपल्या पोपटी-हुरड्यापेक्षा वेगळं काही आहे का.

मी बरीच वर्षं युकातानात, मेरिदा शहरात राहते. स्वयंपाक हाच माझा धंदा आहे, आणि मक्याच्या दिवसांत वायादोलिदच्या बाजूच्या गावांमध्ये पीब, म्हणजे तापलेल्या दगडांची जमिनीतली भट्टी, लावायला हात देते. तेव्हा जे लिहिते आहे ते तिथल्या सवयीचं आहे. साताऱ्याच्या मातीत काय बदलावं लागेल तेही जमेल तसं सांगते.

तुम्ही वेळेबद्दल आणि पानांबद्दल विचारलंत, पण गडबड त्याच्या आधीच झाली आहे. तुम्ही निखाऱ्यावर मका भाजलात. पीबमध्ये अन्न आत जातं तेव्हा आगीचं काम संपलेलं असतं. आगीने दगड तापवायचे, दगडांनी मका शिजवायचा. निखारे प्रचंड तापलेले असतात, पण माती पडली की हवा तुटते आणि ते झपाट्याने विझतात. म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं खालची कणसं भाजून निघाली आणि नंतरचे दोन तास खड्डा नुसता थंड होत गेला. अडीचऐवजी पाच तास ठेवली असतीत तरी वरची कणसं कच्चीच राहिली असती. मक्यातला स्टार्च साधारण ६५ ते ७० अंशांना फुलतो. तेवढी ऊब वरच्या थरापर्यंत पोचलीच नाही.

पोपटीशी फरकही इथेच आहे. पोपटीत मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात आणि शिजेपर्यंत तो जळतच असतो. हुरड्याची आगटी उघडी असते, कणसं गरम राखेत घातली की काही मिनिटांत काढायची. दोन्हीकडे माणूस शेजारी बसून आग कमी-जास्त करू शकतो. पीब एकदा बुजवला की तुमच्या हातात काही उरत नाही. जे काय करायचं ते बुजवण्याआधी, आणि म्हणूनच तिथली माणसं दगड तापवण्यात जेवढा वेळ घालवतात तेवढा बाकी कशातच घालवत नाहीत.

आता दगड. किती आणि कुठले, दोन्ही महत्त्वाचं आहे.

किती याचा ढोबळ हिशोब मांडून बघू. वीस माणसांना प्रत्येकी दोन म्हणजे ४० कणसं, पानांसकट १० ते १२ किलो. एवढा मका २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत न्यायला साधारण २,५०० किलोज्यूल उष्णता लागते. ४०० अंशांपर्यंत तापलेला एक किलो दगड १०० अंशांवर उतरेपर्यंत सुमारे २५० किलोज्यूल देतो. म्हणजे नुसत्या मक्याला १० किलो दगड पुरतात. पण बाजूची माती मक्याइतकीच हावरी असते. त्यात एक लिटर पाणी असेल तर त्याची वाफ व्हायलाच आणखी १० किलो दगडांची उष्णता निघून जाते, आणि पावसाळ्यानंतरच्या काळ्या रानात एका खड्ड्याच्या भिंतींमध्ये एक लिटर पाणी ही काहीच गोष्ट नाही. म्हणून तुमच्या बेतासाठी मी ३५ ते ४० किलो दगड धरेन. नारळाएवढे किंवा थोडे लहान. फार मोठा दगड आतपर्यंत तापत नाही, फार बारीक दगड उष्णता धरत नाहीत आणि जाळाला वाटही देत नाहीत.

कुठले दगड, हे जागेवर अवलंबून आहे. युकातानात पायाखाली सगळा चुनखडक आहे. वर वीतभर माती, की खाली खडक. तिकडे पीब खणायला कुदळीपेक्षा पहारच जास्त चालते, आणि म्हणूनच खड्डा सहसा गुडघ्याच्या वर जात नाही. दगडही तोच, घट्ट चुनखडीचा. तो वारंवार तापवला की ठिसूळ होतो, बोटाने पांढरी भुकटी निघायला लागते. असा दगड बाजूला टाकून नवा घेतात. तुमच्याकडे काळा पाषाण आहे आणि तो यासाठी चुनखडीपेक्षाही बरा, पण निवडून घ्या. शेतातला, उन्हात पडलेला, भेग नसलेला दगड घ्यायचा. ओढ्यातला किंवा नदीतला गोटा कधीही घेऊ नका. त्याच्या आत पाणी मुरलेलं असतं, ते वाफ होऊन बाहेर यायला वाट सापडली नाही की दगड फुटतो आणि चिपा डोळ्यांच्या उंचीला उडतात. दख्खनच्या दगडात आणखी एक गोष्ट बघायची: पोकळ्यांत पांढरे चकचकीत स्फटिक भरलेले असतील तर तो दगड नको. ते बहुतेक झिओलाइट असतं, त्याच्या स्फटिकातच पाणी असतं आणि तापल्यावर ते सुटतं. गारगोटी नको. काँक्रीटचे तुकडे तर अजिबात नकोत. कोकणातून कोणी जांभा आणून देतो म्हणालं तर तोही नको, तो पाणी पितो आणि तापून भुगा होतो.

चांगले दगड मिळालेच नाहीत तर जुन्या पक्क्या भाजलेल्या विटांचे अर्धे तुकडे चालतात, कोरडे असले म्हणजे झालं. हा आजचा जुगाड वाटेल, पण माया स्वयंपाकाच्या इतिहासात त्याला जागा आहे. युकातानच्या पुउक टेकड्यांत, कियुइकजवळ, एस्कालेरा अल सिएलो नावाची जुनी वसाहत आहे. तिथल्या हजार वर्षांहून जुन्या स्वयंपाकघरात भाजलेल्या मातीचे छोटे गोळे सापडले, आणि त्यांच्यावर मका, घेवडा, भोपळ्याच्या जातीतल्या भाज्या यांचे सूक्ष्म अवशेष मिळाले. संशोधकांचा अंदाज असा की हे गोळे तापवून शिजवण्यासाठी वापरत असावेत. पावलोपावली दगड असताना कोणीतरी बसून हे गोळे वळत होतं याचं मला फार नवल वाटतं. सारख्या आकाराचा, न फुटणारा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा दगड हवा असेल तर तो घडवावाच लागतो, एवढं मात्र कुठल्याही स्वयंपाक्याला पटेल.

खड्डा तीन बाय दोन फूट, खोली दीड फूट पुरे. तुमचा दोन फुटांचा खड्डा गरजेपेक्षा खोल होता. वरची रिकामी जागा तापवण्यात उष्णता जाते. काळी माती टाळून मुरमाची, जरा उंचावरची, पाणी न साचणारी जागा बघा. आणि ही गोष्ट नक्की करा: मुख्य आग लावायच्या आधी त्या रिकाम्या खड्ड्यात तासभर चांगला जाळ करा. त्याने भिंती सुकतात. तिकडच्या गावांत एकाच जागी वर्षानुवर्षं पीब लागतो, त्यामुळे तिथली माती भाजून निघालेली असते. पहिल्यांदाच खणलेल्या खड्ड्याला ही सवलत नसते.

लाकूड जड आणि पूर्ण वाळलेलं हवं. युकातानात हाबीन आणि कात्सीन ही दोन नावं सतत ऐकू येतात. कात्सीन आपल्या बाभळीच्याच नात्यातलं झाड आहे, म्हणजे तुमच्या बांधावर हवं तेच सरपण उभं आहे. २० ते २५ किलो बाभूळ पुरेल. निलगिरी नको, तिचा वास मक्यात उतरतो. प्लायवूड, रंगवलेलं किंवा कीड लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड तर जवळही आणू नका.

रचना अशी. तळाला बारीक काटक्या, त्यावर आडवी-उभी जाड लाकडं, आणि दगड सगळ्यात वर. बरेच जण दगड तळाला ठेवून वर आग करतात. त्याने दगडांची वरची बाजू तापते, खालची थंड राहते. लाकडावर दगड ठेवले की ते सगळीकडून जाळात राहतात आणि लाकूड जळत जाईल तसे आपोआप खाली बसतात. दीड ते दोन तास लागतात. या वेळात कोणाला खड्ड्यावर वाकू देऊ नका, पोरांना तर नाहीच.

दगड तयार झाले हे घड्याळावर ठरत नाही, रंगावर ठरतं. सुरुवातीला काजळी धरून ते काळे होतात. मग एका टप्प्यावर ती काजळीच जळून जाते आणि दगड पुन्हा स्वच्छ दिसायला लागतो. चुनखडी पांढरी-राखाडी दिसते. तुमचा काळा पाषाण राखट, किंचित तांबूस दिसेल. वरचे दगड निवळले पण खालच्यांवर अजून काळे डाग असतील तर थांबा. बोटं ओली करून चार थेंब लांबूनच शिंपडा. थेंब ‘चर्र’ करून जागीच आटला तर वेळ आहे. मोत्यासारखा गोल होऊन दगडावरून पळत सुटला की समजा झालं. यानंतरची पायरी लोक घाईत विसरतात: जी लाकडाची टोकं अजून धुमसताहेत ती चिमट्याने किंवा फावड्याने सगळी बाहेर काढायची. बंद खड्ड्यात धुमसणारं ओलसर लाकूड राहिलं की धूर कडू होतो आणि सगळा मका तोंडाला डांबरासारखा लागतो. मग लांब काठीने दगड तळाला एकसारखे पसरायचे, आणि चार-सहा दगड कडेला राखून ठेवायचे. ते कशाला, ते पुढे येईल.

आता मका. इथे माझं मत जरा ठाम आहे. पीबसाठी स्वीट कॉर्न हा चुकीचा मका आहे. त्यात साखर आणि पाणी जास्त, स्टार्च कमी. तो पाच-सात मिनिटं उकडून खायला उत्तम, पण रात्रभराच्या उष्णतेत दाणा आत बसतो, साल सुरकुतते आणि हातात गोड चिखल येतो. माया शेतकरी लावतात ते मके वेगळे. ‘नाल तेएल’ लवकर येतो, कणीस लहान. ‘श्नुक नाल’ उशिरा येतो, दाणा मोठा. दोन्ही पिठूळ, भाकरीचे मके. हाच मका कोवळा असताना काढून पीबमध्ये घातला की त्याला पिबिनाल म्हणतात. तुमच्याकडे देशी पांढरा किंवा पिवळा मका कोणी लावत असेल तर तो शोधा. दाण्यासाठी लावलेला साधा संकरित मकाही स्वीट कॉर्नपेक्षा बरा.

वयही बघा. दाणा दुधात असताना काढलं तर ते फार लवकर होतं, घट्ट वाळला की फार उशीर. दुधातून चिकात जाण्याची वेळ साधायची. नखाने दाणा दाबला तर पाण्यासारखं दूध उडू नये, दाटसर पांढरा चीक यावा. तिथल्या बायका पान थोडं मागे सारून अंगठ्याच्या नखाने हे इतक्या भरभर बघतात की टोपलीभर कणसं निवडून होईपर्यंत आपलं चौथं कणीसही झालेलं नसतं. तिकडे पेरणी पावसाबरोबर मे-जूनमध्ये आणि कोवळी कणसं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. आपल्या खरिपाशी हे छान जुळतं. त्या दिवसांत मेरिदाच्या लुकास दे गाल्वेस बाजारात फुटपाथवर बायका पिबिनालच्या टोपल्या घेऊन बसतात आणि धुरकट गोड वास रस्ता ओलांडून येतो.

कणसं सोलू नका. तुमच्या दाण्यांत माती गेली ती फॉइलपायी. कणसाची पानं हेच त्याचं भांडं. बाहेरची एक-दोन वाळकी, मळकी पानं काढून टाका, बाकी सगळी तशीच, केसांसकट. काढल्याच्या दिवशीच पीबमध्ये जायला हवीत. बाजारातून आणलेल्या कणसांची पानं वाळली असतील तर पाण्याचा हबका मारा, पण बादलीत भिजत घालू नका. ते पाणी आटवायला पुन्हा दगडच खर्ची पडणार, हिशोब वर दिलाच आहे.

दगड पसरले की हात भरभर चालले पाहिजेत. सगळं सामान आधी खड्ड्याच्या कडेला मांडून ठेवा. दगडांवर हिरव्या मक्याच्या धाटांचा किंवा पानांचा पातळ थर, त्यावर कणसं आडवी, दोन किंवा फार तर तीन थर. राखून ठेवलेले दगड दुसऱ्या थरावर अधूनमधून ठेवायचे. तुमची वरची कणसं कच्ची राहिली त्याला हा उपाय. मग पानांचा जाड थर, चांगला चार बोटं. युकातानात यासाठी हाबीनच्या पाल्याच्या फांद्या वापरतात. तुमच्याकडे केळीची पानं उत्तम, पळसाची चालतील, मक्याचा हिरवा पाला तर आहेच. पोपटीचा भांबुर्डा घालायचा मोह होईल. घाला, बिघडणार नाही, पण मग चव रायगडची येईल. ओळख नसलेलं पान मात्र खड्ड्यात जाऊ देऊ नका. शेताच्या कुंपणाला कण्हेर आणि रुई हमखास असते आणि दोन्ही विषारी आहेत. पाला तोडायला कोणाला पाठवाल तर काय तोडायचं ते दाखवून पाठवा.

पाल्यावर ओलं करून पिळलेलं गोणपाट. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या चालणार नाहीत, त्या वितळतात. गोणपाटावर हवा तर जुना पत्रा. तिकडे सर्रास पत्रा टाकतात, त्याने माती आत गळत नाही. जस्ताचा पत्रा पाल्यावर ठेवायला हरकत नाही, तो तिथे १०० अंशांच्या आसपासच राहतो. आगीवर मात्र तो कधी ठेवू नये. पत्र्यावर वीतभर माती, आणि मग सगळीकडून थोपटून बघायचं. कुठूनतरी वाफेची बारीक रेघ निघेल. तिथे ओली माती दाबायची. दुसरीकडून निघेल, तिथेही. पहिला पाव तास हेच काम. जोवर वाफ सुटते आहे तोवर उष्णताही सुटते आहे. पीबचं झाकण कुकरच्या रबरी रिंगइतकं चोख बसायला हवं.

वेळेचं उत्तर आता देता येईल, कारण ते वरच्या सगळ्यावर अवलंबून आहे. मका नुसता शिजायला, दगड नीट तापले असतील तर, दीड-दोन तास पुरतात. स्वीट कॉर्नच वापरणार असाल तर तासाभरात उघडा. पण पिबिनालची खरी चव त्या दोन तासांत येत नाही. तिकडे संध्याकाळी बुजवतात आणि पहाटे उघडतात. रात्रभरात दगड हळूहळू निवत जातात, दाण्यातलं थोडं पाणी उडतं, साखर आणि प्रथिनं एकमेकांवर काम करत राहतात. पहाटे काढलेलं कणीस पिवळंधमक नसतं. पानं चहाच्या रंगाची, काही टोकांना काळी. पान सोलताना केस दाण्यांना चिकटून आलेले, ते अंगठ्याने पुसून काढायचे. दाणे मधाच्या रंगाचे, वरून किंचित चुरमुरलेले, दाताखाली चिवट आणि मग एकदम मऊ. उकडलेल्या कणसासारखा रस गळत नाही, चावून खावं लागतं, आणि गोडी मागाहून येते. ज्यांना रसरशीत कणीस आवडतं त्यांना पिबिनाल पहिल्या घासाला जून वाटतं. पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

तेव्हा तुमच्या बेताचं वेळापत्रक असं बसेल: आदल्या दिवशी दुपारी खड्डा सुकवणारा जाळ, त्यानंतर चारच्या सुमाराला दगड रचून मुख्य आग, सहा-साडेसहाला दगड तयार, अंधार पडायच्या आत खड्डा बंद, आणि सकाळी न्याहारीला पिबिनाल. संध्याकाळीच जेवायचं असेल तर खड्डा आदल्या दिवशीच सुकवून ठेवा, दुपारी बाराला आग लावा आणि कणसं अडीचपर्यंत आत गेली पाहिजेत.

तुम्ही जाता जाता विचारलंत की याच खड्ड्यात चिकनही लावता येईल का. येईल, पण कच्चं चिकन मक्याच्या भरवशावर रात्रभर ठेवू नका. माया घरांत याचं उत्तर आधीच शोधलेलं आहे. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हे दिवस तिथे हानाल पिशानचे, घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालायचे. तेव्हा पीबमध्ये मुक्बिपोयो लागतो. चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठात चरबी आणि आचिओते, म्हणजे लाल रंगाच्या बियांचं वाटण, मळतात. त्याची जाड वाटी केळीच्या पानावर थापायची, आत कोंबडी आणि डुकराचं मटण, टोमॅटो, एपासोतेचा पाला, वर पिठाचंच झाकण, आणि सगळं पानात बांधून खड्ड्यात. पण मांस आधी शिजवलेलं असतं. त्याच्याच रश्श्यात मक्याचं पीठ लावून दाट कोओल करतात आणि तो आत ओततात. पीबला फक्त ते जाड आवरण भाजायचं असतं, तास-दीड तासात होतं. काही घरी पिठात श्पेलोन घालतात, ती म्हणजे काळसर दाण्याची चवळीच. शाकाहारी पाहुण्यांसाठी चरबीऐवजी तेल घेऊन तेवढीच आवृत्ती करा, छान लागते. चिकन लावायचंच असेल तर मसाला लावून पाऊण शिजवा, वेगळं पानात बांधा, दीड-दोन तासांत काढा आणि सर्वांत जाड तुकडा आतून ७४ अंशांवर गेला की नाही हे थर्मामीटरने बघून वाढा.

‘मायन पद्धत’ म्हणून पाहुण्यांना काही सांगणार असाल तर एक गोष्ट जरूर सांगा. पीब ही तिथे नुसती पार्टीची भट्टी नव्हे. मिल्पा, म्हणजे मका-घेवडा-भोपळा एकत्र लावायचं शेत, त्याची पहिली कणसं आधी रानाच्या रक्षकांना द्यायची आणि मग घरात खायची, असा रिवाज कित्येक कुटुंबं अजून पाळतात. ती कणसं पीबमध्येच भाजलेली असतात. पाऊस लांबला की चा-चाक हा विधी होतो. त्यात ह्मेन, म्हणजे तिथला पुजारी, जाड थरांच्या भाकऱ्या पीबमध्ये भाजवून घेतो. मक्याचं पीठ आणि भोपळ्याच्या बियांची पूड असे थर एकावर एक चढवतात, आणि त्यांची संख्या मोजून ठरलेली असते. खणणं, दगड, आग हे परंपरेने पुरुषांचं काम. चा-चाकच्या जागी तर बायकांनी जायचंच नसतं. मी परदेशी म्हणून मला रोजच्या पीबमध्ये दगडांना हात लावू देतात. विधीच्या वेळी मीही लांबच बसते. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने युकातानच्या माया मिल्पाला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाच्या यादीत घेतलं. गावातल्या लोकांना त्या मानापेक्षा तरुण पोरं मिल्पा सोडून कानकूनच्या हॉटेलांत जातात याची काळजी जास्त आहे.

खायला काय द्यायचं? तिथे लिंबू, मीठ आणि भाजक्या मिरचीची पूड, बस. लोणी-चीज शहरात लावतात, पिबिनालला ते नको, धुराची चव मरते. उरलेले दाणे काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी हिंग-मोहरीच्या फोडणीत परतले तर झकास उसळ होते. ही उसळ मी मेरिदात शेजारणीला दिली तर तिने मोहरी बाजूला काढून खाल्ली, पण मका संपवला.

उघडण्याबद्दल शेवटचं. वारा पाठीवर घेऊन उभे राहा आणि माती एका कडेने ओढा, पत्र्यावरून मधे घसरू देऊ नका. पत्रा उचलताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तुमच्या तोंडावर येणार नाही. रात्रभर ठेवलेल्या पीबमध्येही तळाचे दगड सकाळी हात पोळण्याइतके गरम असू शकतात. त्यांच्यावर पाणी ओतून ‘विझवू’ नका. दगड तडकतात आणि वाफेने भाजतं. खड्डा तसाच उघडा राहू द्या, भोवती काट्या टाकून गुरं आणि पोरं लांब ठेवा, आणि दगड संध्याकाळी निवले की उचलून कोरड्या जागी रचून ठेवा. एकदा न फुटता तापून निघालेला दगड पुढच्या खेपेला निवडायचे कष्ट वाचवतो.